फुकट की मुक्त?

"तुझं मशीन आता म्हातारं झालं, भाऊ. याच्यावर नवीन विंडोज चढणार नाही. भंगारात घाल आणि नवीन घे."

गोष्ट ऑक्टोबर २०२५ मधली. दिवाळीच्या सुट्टीला चार दिवस उरले होते. लॅपटॉप रिपेअरवाल्याने हे वाक्य इतक्या सहज टाकलं, जसं आपल्या मेसमध्ये "भाजी संपली" म्हणतात. मी तोंड पाडून होस्टेलवर परत आलो.

मित्रांनो, हा लॅपटॉप माझ्या दादाचा. त्याने डिप्लोमाला असताना २०१५ साली घेतलेला. पाचव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, आणि बिजागरी इतकी सैल की स्क्रीनला मागून एका जाडजूड टेक्स्टबुकाचा टेकू द्यावा लागतो (त्या पुस्तकाचा चार वर्षांत झालेला हा एकमेव उपयोग!). त्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कसा झाला ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. आमच्याकडे वाचायची गरज नव्हती, सोयाबीन डोळ्यांसमोर पाण्यात उभं होतं. अशा वेळी बाबांना फोन करून "नवीन लॅपटॉप पाहिजे" म्हणायला जीभ रेटेना.

भानगड काय होती ते सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. म्हणजे मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षेचे अपडेट यायचे थांबतात. नोंदणी करणाऱ्यांना कंपनीने ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची मुदतवाढ दिली, पण तो ग्रेस मार्कांवर पास होण्याचा प्रकार. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. थोडक्यात काय, माझा लॅपटॉप नापास झाला नव्हता, त्याचा सिलॅबस बदलला होता!

त्या रात्री रूम पार्टनरने एक पेन ड्राइव्ह पुढे केला. त्यात लिनक्स मिंट होतं, हलकं असलेलं एक्सएफसीई एडिशन. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते आणि ४ जीबी असेल तर बरं, असं मिंटवालेच सांगतात. म्हणजे माझं म्हातारं मशीन तिथे चक्क फर्स्ट क्लास! आज हा लेख मी त्याच लॅपटॉपवर टाइप करतोय. प्रोजेक्टचं सिम्युलेशन आणि रिपोर्टही त्याच्यावरच चाललंय. तेव्हापासून माझं एक ठाम मत झालंय: आपल्या होस्टेलमधल्या बऱ्याच जणांना नव्या लॅपटॉपची नाही, लिनक्सची गरज आहे. आणि ज्यांच्याकडे नवाकोरा लॅपटॉप आहे, त्यांनाही आहे. का, ते पुढे सांगतो.

फुकट ते पौष्टिक?

लिनक्सचं नाव काढलं की पहिला शेरा येतो, "फुकट आहे म्हणून वापरतोस, होय ना?" इंग्रजीतल्या 'फ्री' या शब्दाने हा सगळा घोळ घातलाय. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. तेव्हापासून 'फ्री म्हणजे पैसे न लागणारं नव्हे, स्वातंत्र्य असलेलं' हे ही मंडळी इंग्रजीत समजावून सांगून दमली आहेत. आपल्या मराठीत कसं सोपं आहे! फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. मेसमध्ये रविवारी मिळणारं एक्स्ट्रा ताक फुकट. पण ते कसं केलं हे बघायला मिळालं, कृती घरी नेता आली, त्यात आपल्या चवीने जिरं घालता आलं आणि ते चार जणांना वाटता आलं, तर ते मुक्त. सॉफ्टवेअर हवं तसं चालवा, आतून बघा आणि बदला, दुसऱ्याला द्या, बदललेलंही द्या. बस्स, एवढी चार स्वातंत्र्यं.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर फुकट असतं, मुक्त कधीच नसतं. आणि खरं तर ते फुकटही नसतं. गेल्या वर्षी आमच्या विंगमधल्या एकाने सबमिशनच्या आदल्या रात्री, फक्त दोन आकृत्या काढायच्या म्हणून, एका महागड्या सॉफ्टवेअरचं क्रॅक टाकलं. सकाळी सगळ्या फाइल्सची नावं बदललेली, एकही उघडेना, आणि स्क्रीनवर पैशांची मागणी. बॅकअपचा पेन ड्राइव्हही तेव्हा मशीनलाच लावलेला होता, तोही गेला. गाईड सरांनी मोठ्या मनाने मुदत दिली आणि रिपोर्ट पुन्हा टाइप झाला. पण लॅबमध्ये तीन आठवडे बसून घेतलेली रीडिंग्ज? ती पुन्हा घ्यावी लागली. पोरगा हुशार, कष्टाळू. पण त्या आठवड्यात तो कुणाशी धड बोलतही नव्हता.

लिनक्सला कधी काही होतच नाही, असं मी म्हणणार नाही. पण तिथे बहुतेक प्रोग्रॅम डिस्ट्रोच्या स्वतःच्या भांडारातून येतात आणि ते मूळचेच आहेत का, हे डिजिटल सहीवरून तपासलं जातं. त्यामुळे क्रॅकच्या शोधात नको त्या गल्लीत शिरायची वेळच येत नाही.

आता कामाचं बोलू

नुसतं भाषण नको म्हणून माझ्या अनुभवातल्या काही युक्त्या देतो. मराठी विभागाचा मान राखून कमांड देवनागरीत, जशा बोलतो तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरं वापरा.

१. आधी चाखा, मग वाढून घ्या. पेन ड्राइव्हवरून लिनक्स इन्स्टॉल न करता चालवून बघता येतं. व्हेंटॉय नावाचं साधन पेन ड्राइव्हवर एकदा टाकलं की पुढे आयएसओ फाइल्स नुसत्या कॉपी करायच्या. एकाच पेन ड्राइव्हवर चार-पाच डिस्ट्रो राहतात. (व्हेंटॉय टाकताना पेन ड्राइव्ह पुसला जातो, हे लक्षात असू द्या.) वाय-फाय, आवाज, कॅमेरा चालतो का ते आधी बघा. वाय-फाय चालत नसेल तर घाबरू नका. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेथरिंग सुरू करा, नेट मिळतं, मग ड्रायव्हर टाका.

२. विंडोज ठेवूनच लिनक्स टाकायचं असेल तर तीन कामं आधी करा. सगळ्या फाइल्सचा बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या जागी ठेवा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या पार्टिशनवर काही लिहिता येत नाही आणि मग पोरं लिनक्सला शिव्या घालतात. दोन्हीकडचं घड्याळ साडेपाच तासांनी पुढेमागे व्हायला लागलं तर तेही भूत नव्हे. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज स्थानिक. 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही कमांड एकदा दिली की भांडण मिटतं.

३. टाइमशिफ्ट लावा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. टाइमशिफ्ट सिस्टिमचा फोटो काढून ठेवतं. अपडेटनंतर काही बिघडलं तर कालच्या स्थितीत परत जाता येतं. पण तुमचा रिपोर्ट आणि जर्नलचे फोटो त्यात धरलेले नसतात, कारण होम फोल्डर ते मुळात वगळतं. त्यासाठी आरसिंक किंवा देजा-डूप वापरा आणि बॅकअप झाला की डिस्क काढून कपाटात ठेवा. वरची गोष्ट आठवते ना?

४. नेट गेलं तरी डाउनलोड जाऊ देऊ नका. आपल्याकडचं नेट कधी जाईल ते रेक्टर सरही सांगू शकत नाहीत. 'डब्ल्यूगेट', मग 'हायफन सी' आणि पुढे फाइलचा पत्ता. अर्धवट राहिलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे सुरू होते (समोरच्या सर्व्हरने साथ दिली तर, आणि बहुतेक देतात). रात्रभर जागायची गरज नाही.

५. पेन ड्राइव्ह फिरवणं बंद करा. फाइल्स असलेल्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा आणि लिहा: 'पायथन३ हायफन एम एचटीटीपी डॉट सर्व्हर'. त्याच वाय-फायवर किंवा हॉटस्पॉटवर असलेले मित्र ब्राउझरमध्ये तुमच्या मशीनचा आयपी पत्ता आणि ८००० हा पोर्ट टाकून त्या फाइल्स घेऊ शकतात. काम झालं की कंट्रोल-सी. सुरू असेपर्यंत नेटवर्कवरच्या कोणालाही तो फोल्डर दिसतो, तेव्हा फक्त वाटायचाच फोल्डर उघडा, नाहीतर तुमच्या कविता दुसऱ्या दिवशी मेसमध्ये वाचल्या जातील! मोबाइलशी देवाणघेवाण करायला केडीई कनेक्ट बेस्ट.

६. रिपोर्ट. लिब्रेऑफिसमध्ये 'सगळं हलतं' अशी तक्रार असते. एक कारण फाँट. लिबरेशन सेरिफ हा फाँट टाइम्स न्यू रोमनच्याच मापाचा बनवलाय, त्यामुळे ओळी जागच्या जागी राहतात. कॅलिब्रीसाठी तसाच कार्लिटो आहे. दुसरं कारण म्हणजे आपणच. हेडिंगला स्टाइल न देता नुसतं बोल्ड करतो आणि स्पेसबार बडवून अक्षरं मधोमध आणतो. स्टाइल वापरा, अनुक्रमणिका आपोआप तयार होते. प्रिंटच्या दुकानात कायम पीडीएफच न्या. पानं जोडायला-फिरवायला पीडीएफ अरेंजर आणि पीडीएफवर पेनसारखं लिहायला झोर्नल++. स्कॅन केलेल्या पानातला मजकूर काढायला टेसरॅक्ट आहे, त्याला मराठीही वाचता येतं.

७. मराठी टाइप करा. आयबस किंवा एफसीआयटीएक्स सुरू करून मराठीचा कीबोर्ड जोडा. इंग्रजी अक्षरांतून लिहायची सवय असेल तर फोनेटिक घ्या, पण माझा सल्ला इन्स्क्रिप्टचा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि जोडाक्षरासाठी 'डी' च्या जागी हलन्त. आठ दिवस बोटं अडखळतात, नवव्या दिवशी पळायला लागतात.

८. हँग झालं तर पॉवर बटण दाबून गळा घोटू नका. आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर जा, लॉगिन करा आणि 'एचटॉप' ने कोण रॅम खातंय ते शोधा. तेही जमलं नाही तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीनची की दाबून ठेवा आणि सावकाश एस, यू, बी दाबा. डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून होतं, डिस्क सुरक्षित होते आणि मग मशीन रीस्टार्ट होतं. उबंटूच्या घराण्यात या तीन अक्षरांना मुळातच परवानगी असते. काही लॅपटॉपवर एफएन की सोबत दाबावी लागते.

९. टर्मिनलला भिऊ नका, पण 'आरएम' ला भ्या. कंट्रोल-आर दाबून जुनी कमांड शोधता येते, टॅब दाबून अर्धं नाव पुरं होतं, आणि 'मॅन' म्हणजे घरचा गाईड, व्हायव्हात चिडत नाही. पण 'आरएम' ने उडवलेली फाइल कचरापेटीत जात नाही, थेट जाते. पेन ड्राइव्हवरून चुकून काही उडालं तर त्यावर नवीन काही लिहू नका आणि लगेच टेस्टडिस्कसोबत येणारं फोटोरेक चालवा. मिळालेल्या फाइल्स मात्र दुसऱ्या डिस्कवर साठवा. सगळं मिळेलच असं नाही, पण पुष्कळदा बरंच मिळतं.

१०. अभ्यासाचं सॉफ्टवेअर. गणितं आणि ग्राफसाठी ऑक्टेव्ह किंवा सायलॅब, सर्किट बोर्डासाठी कायकॅड, थ्रीडी मॉडेलसाठी फ्रीकॅड, नकाशांसाठी क्यूजीआयएस, नेटवर्किंगला वायरशार्क. आणि आपल्या हाकेच्या अंतरावर आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प आहे. त्यांनी सर्किटसाठी ईसिम आणि सिव्हिलवाल्यांसाठी स्टील डिझाइनचं ओस्डॅग तयार केलंय. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. इंग्रजीला बिचकणाऱ्या फर्स्ट इयरच्या पोरांना हे कोणी सांगतच नाही!

जिथे लिनक्स कमी पडतं

एकतर्फी वकिली करायची नाही. ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स लिनक्सवर सरळ चालत नाहीत. ऑक्टेव्ह मॅटलॅबसारखं असलं तरी सिम्युलिंकला त्यात जोड नाही (सायलॅबमधलं एक्सकॉस काही अंशी ते काम करतं). काही ऑनलाइन परीक्षांचे आणि प्लेसमेंट टेस्टचे ब्राउझर फक्त विंडोजवर चालतात. ते परीक्षेच्या आदल्या दिवशी कळून उपयोग नाही, आधीच बघून ठेवा आणि लॅबमधलं मशीन मागून घ्या. माझ्या लॅपटॉपवरही ब्राउझरचे वीस टॅब उघडले की तो धापा टाकतो. लिनक्स म्हणजे काही अमृत नव्हे. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली तर मात्र फरक लगेच जाणवतो, आणि तो खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने किरकोळ असतो.

सरांना आणि मॅडमना एक विनंती

"पुढच्या वेळी आउटपुट घरून करून आणा," असं प्रॅक्टिकलला सांगितलं जातं. सर, ज्या सॉफ्टवेअरचं लायसन्स लॅबपुरतंच आहे, त्याचं आउटपुट पोराने रूमवर कसं आणायचं? तो क्रॅक शोधतो. आपण तोंडाने 'प्रोफेशनल एथिक्स' शिकवतो आणि हाताने त्याला चोरीच्या वाटेला लावतो. "कंपनीत हेच सॉफ्टवेअर वापरतात" हे मला मान्य आहे. मग ते लॅबमध्ये, लायसन्सवर शिकवा, जास्त वेळ लॅब उघडी ठेवा. घरच्या कामाला मात्र ऑक्टेव्हचं किंवा कायकॅडचं आउटपुट चालेल, असं एक वाक्य जर्नलच्या पहिल्या पानावर छापा. बीम कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काढला यावर त्याचं बेंडिंग मोमेंट बदलत नाही. आमच्या लॅबमधल्या मामांनी स्वतःहून दोन जुन्या पीसींवर लिनक्स टाकून ते कोपऱ्यात सुरू ठेवलेत. एका माणसाला जमतं तर डिपार्टमेंटला का जमू नये?

आणि मित्रांनो, विनंती आपल्यालाही आहे. हे सगळं आपल्याला ज्यांनी दिलं ते कोण होते? लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्सची घोषणा केली तेव्हा तो हेलसिंकी विद्यापीठात शिकणारा २१ वर्षांचा मुलगा होता. जिंप हे चित्रांचं सॉफ्टवेअर बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलं. आणि रोज रात्री आपण ज्यावर पिक्चर बघतो ते व्हीएलसी? त्याची सुरुवात १९९६ मध्ये पॅरिसच्या एकोल सेंट्रल या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमधून झाली. कॅम्पसच्या नेटवर्कवर व्हिडिओ दाखवायचा होता म्हणून! २००१ मध्ये ते मुक्त लायसन्सखाली सगळ्या जगाला दिलं गेलं. आपले प्रोजेक्ट मात्र स्पायरल बाइंडिंग होऊन कपाटात जातात आणि पुढच्या बॅचला कॉपीसाठी तेवढे बाहेर येतात. निदान आपला कोड मुक्त लायसन्स लावून पुढच्या पोरांना देऊ या. कोड जमत नसेल तर एखाद्या प्रोग्रॅमचा मेनू मराठीत करा, सापडलेली चूक नीट लिहून कळवा. घेतलं तर थोडं परत करायला नको का?

त्या दिवाळीत घरी गेलो. रात्री जेवताना बाबांनी ताटाकडे बघतच विचारलं, "लॅपटॉप बिघडला म्हणे दादा. किती लागतील?"

म्हटलं, "काही नाही लागत बाबा. नीट झाला."

"मग बरं झालं," म्हणाले, आणि बांधावरच्या वाहून गेलेल्या मातीबद्दल बोलायला लागले.

तर मंडळी, दर रविवारी फीस्टनंतर मी आणि माझा रूम पार्टनर कॉमन रूममध्ये पेन ड्राइव्ह घेऊन बसतो. म्हातारे लॅपटॉप घेऊन या. भंगारवाल्याकडे जाण्याआधी एकदा आमच्याकडे या. फक्त येताना बॅकअप घेऊन या, नाहीतर आल्या पावली परत पाठवू!